गुणवंता नावाची बाई

दंडार म्हणजे आमच्या भागातलं नाचगाण्याचं नाटक, आणि त्यात बाईचं काम पुरुषानंच करायचं, ही रीत. म्हणून रामाकोना गावात केशवरावांच्या दंडारमंडळीत गुणवंताला राणीच्या वेषात पाहिलं, तेव्हा मी सोबतच्या भाऊरावाला म्हटलं, "काय पोरगा आहे बाप्पा! बायकांनी याच्यापासून चालनं शिकावं." भाऊराव माझ्यापेक्षा शहाणा. तो म्हणाला, "याच्यापुढं खरी बाई फिकी." अकलेचे कांदे आम्ही दोघंही.

तो गुणवंता म्हणजे आमच्याच सावरगावच्या गिरजामायची थोरली पोरगी पंचफुला, हे मला फार उशिरा कळलं. मंडळीत ती गेली होती सैंपाकीण म्हणून. खरा गुणवंता वेगळाच होता. एका हिवाळ्यात तो काविळीनं पडला, आणि पुढं नागपूरच्या गिरणीत लागला. हँडबिलं त्याच्या नावानं वाटून झाली होती. पडद्यामागं भाकरी करपवता करपवता पंचफुलाला सगळे खेळ पाठ झाले होते. केशवरावांनी तिच्या तोंडाला रंग फासून तिलाच उभं केलं. लोकांना वाटलं, पुरुषच आहे. त्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

गिरजामायला कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. विधवा बाई, मागं आणखी दोन पोरी उजवायच्या. नाचणारीच्या घरी सोयरीक कोण करणार? शेवटी तिनं पोरीकडून शब्द घेतला, "नाव त्याचंच राहू दे. अन् आपल्या गावात कोनाले सांगू नको." गावाला ती सांगायची, पोरगी मंडळीत सैंपाक करते. वीस वर्षं गावानं ते ऐकलं आणि मानलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी पंचफुला हे सगळं मला ओट्यावर बसून सांगायची, तेव्हा तिचे डोळे भलतीकडेच असायचे. "राणी झाली, सासू झाली, भिल्लीण झाली भाऊ. गॅसबत्तीचा उजेड तोंडावर आला का खालचे मानसं दिसतच नाई. नुसतं धुकं. त्या धुक्यात मी कोन आहो, मलेच ठाव नसे."

त्र्याऐंशी साली मोहगावकडच्या संत्र्याच्या बागेत सिनेमावाले आले. झाडं फुलली होती, सगळी बाग वासानं जड झाली होती. पंचफुला डोक्यावर टोपली घेऊन त्या फुलांतून चालत गेली, तेवढंच तिचं काम. सिनेमा सौंसरला लागला तेव्हा तिनं तो तीनदा पाहिला. पडद्यावर तिची पाठ दिसत होती. पांढऱ्या फुलांत हळूहळू विरघळत जाणारी ती पाठ तिला स्वप्नातही दिसायची, पण ती कोणाची, हे कोणीच विचारलं नाही. दोघी बहिणी एव्हाना लेकरंबाळं होऊन आपापल्या घरी सुखी होत्या. आता एकदा तरी खेळ पाहून कोणी आपल्याला पंचफुला म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी ती झुरत होती, आणि मायला दिलेला शब्दही तिला मोडवत नव्हता.

शहाऐंशी साली टीव्हीवाल्यांनी मंडळीला नागपूरला बोलावलं. जोगिणीचं काम झालं. साहेबानं कागद पुढं ओढून विचारलं, "कलाकाराचं नाव?" केशवरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी हीच बोलली, "पंचफुला." पुढं मला म्हणाली, "माह्या तोंडून निंगून गेलं भाऊ. कोनी दुसरंच बोलल्यावानी वाटलं."

कार्यक्रमाच्या दिवशी दिवेलागणीला, ज्याच्याकडं टीव्ही होता त्या गजाननच्या अंगणात सगळं सावरगाव जमलं. गुणवंता टीव्हीवर येणार, ही बातमी पांढुर्ण्यापर्यंत गेली होती. पंचफुला मायजवळ खाली बसली होती, पदर घट्ट धरून. पडद्यावर मुंग्या आल्या, गजाननचा पोरगा अँटेना फिरवत राहिला, आणि त्या मुंग्यांतूनच जोगीण चालत आली. तोंडाला राख, डोक्यावर जटा. ती गायला लागली. मला वाटलं, ती पडद्यातून उतरून आता जाम नदीच्या पाण्यावरून चालत जाईल.

शेवटी नावं आली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गजानननं मोठ्यानं वाचलं, "जोगीण, पंचफुला."

मग गजाननच ओरडला, "याले म्हनते मोठा मानूस! गुणवंतानं आपल्या सैंपाकिणीचं नाव लावलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. बायका गिरजामायला म्हणू लागल्या, "तुह्या पोरीनं पुन्य केलं व माय. एवढा मोठा कलाकार, अन् तिचं नाव घेते." पंचफुलानं मान खाली घातली.

गिरजामाय गुडघ्यावर हात देऊन उठली. सत्तरीची बाई, सगळ्या गावासमोर उभं राहायची तिची ती पहिलीच वेळ असेल.

"कायची सैंपाकीण न् काय!" ती म्हणाली. "वीस वर्सं मीच खोटं बोलून राहिली. गुणवंता-फुनवंता कोनी नाई. थे जोगीण माही पोरगी आहे. माही पंचफुला."

पंचफुलानं मायच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि ती ढसाढसा रडली. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. बराच वेळ टीव्हीकडं कोणी पाहिलं नाही. मग एकेक बाई उठली, तिच्याजवळ आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला नावानं हाक मारू लागली, आणि ती रडता रडता प्रत्येकीला ओ देत होती.