भरल्याशिवाय न सुटणारं विमान

जीपमध्ये बसलो आणि डिझेलचा वास आला की मला जावयाचं विमान आठवतं. नव्वदीच्या दशकात मी जोयडा-रामनगर या रानातल्या रस्त्यावर शिटा भरून जाणारी जीप चालवायचो. रामनगरात जावयानं कॉम्प्युटर आणला होता. त्यातल्या खेळात त्यानं कित्येक महिने खपून विमान कंपनी उभी केली होती, ती चालवायला मला शिकवत होता. "मामा, जेवून येतो. घंटी वाजली की हे बटण दाबा, इमान सुटंल. उशीर झाला तर परवाना जाईल, कंपनी बुडंल," म्हणून तो आत गेला. घंटी वाजली, पण निम्म्या शिटा रिकाम्या. रिकामी गाडी मी जन्मात सोडली नव्हती. लाल अक्षरं लुकलुकायला लागली. बटणावरचं बोट घामेजलं. "आबा, सोडा की ते," लेक चुलीपासून म्हणाली. "थांब गं, मान्सं येत्यात अजून." बघता बघता कंपनीच पडद्यावरनं पुसली गेली. जावई उष्ट्या हातानं धावत आला. "मामा, बसलेली मान्संबी उतरून गेली की." मी म्हणालो, "उतरून जात्यात कुठं? रानात दुसरी जीप हाय व्हय?" तो हसला न्हाई. आज जीपमध्ये मी गिऱ्हाईक. एक शीट रिकामी हाय, ड्रायव्हर हलत न्हाई. शेजारचा वैतागून उतरायला निघाला, तसा मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.