ऑर्निस आणि टिटवीचं ओलं पोट

ग्रीक लोकांनी पक्षी, कोंबडी आणि शकुन ही तिन्ही कामं एकाच शब्दावर भागवली, याचं कोशवाल्यांना भारी कौतुक आहे. शब्द आहे 'ऑर्निस'. आमच्या गावातल्या नऊ बायकांनी हेच काम एका उन्हाळ्यात उरकलं, पण त्याची नोंद कुठल्याही कोशात नाही. मी आता तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. 'ऑर्निथॉलॉजी' फळ्यावर लिहिलं की दरवर्षी ती नोंद जिभेवर येते आणि वर्गाची वेळ संपते. आज लिहूनच टाकते.

मी तेव्हा परळीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. रोज सिरसाळ्याहून येणाऱ्या एसटीनं जायचे. सलग दुसरं वर्ष पावसानं दगा दिलेला, गावात दर तिसऱ्या दिवशी टँकर. अशा दिवसांत माझी आई कोंबडीपालनाच्या महिला सहकारी संस्थेची अध्यक्ष होती. चार बायका आमच्या बौद्ध वस्तीतल्या, पाच गावातल्या, पत्र्याचं एक शेड आमच्या घरामागं आणि त्यात तीनशे कोंबड्या. प्रशिक्षणाला आलेले साहेब त्यांना 'पक्षी' म्हणायचे. "तुमचे पक्षी साडेचार महिन्यांचे झाले, आता पंधरा-वीस दिवसांत अंड्यावर येतील." तोवर 'पक्षी' हा आमच्याकडं फक्त पहिलीच्या पुस्तकातला शब्द होता. बघता बघता बायकाही म्हणायला लागल्या. आकाशात उडतं ते पाखरू आणि शेडात खातो तो पक्षी, असा हिशेब बसला.

संस्थेच्या उपाध्यक्ष होत्या काकी. म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदाराच्या घरातल्या. त्यांच्या घरात अंडं चालत नसे, तरी त्या कोंबड्यांच्या संस्थेत होत्या, कारण काकींना ज्यात बोलता येत नाही अशी कुठलीच गोष्ट गावात होऊ द्यायची नव्हती. आईला त्या "अध्यक्षीण" म्हणायच्या, जरा चिडवत. आई त्यांना "बाई" म्हणायची, जरा जपून. दोघींचं पटायचं, फक्त एका गोष्टीवर नाही. काकी शकुनाशिवाय पाऊल उचलत नसत. आणि आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर शकुन-अपशकुनही घराबाहेर काढले होते. तो शब्दसुद्धा आमच्याकडं चालत नसे. मांजर आडवं गेलं की आई मुद्दाम दोन पावलं जास्त टाकायची.

त्याच उन्हाळ्यात सुट्टी लागताना आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेक शास्त्रीय शब्द वाटून दिला. त्याचं मूळ आणि त्याची सगळी पिलावळ शोधून आणायची. माझ्या वाट्याला आलं ऑर्निथॉलॉजी, पक्ष्यांचं शास्त्र. कॉलेजचं ग्रंथालय सुट्टीतही उघडं असायचं आणि तिथं शब्दांची मुळं सांगणारा एक जाड इंग्रजी कोश होता. खरं सांगायचं तर मी पंख्यासाठी जायचे. खिडकीच्या कठड्यावर थर्मलची, म्हणजे परळीच्या वीजकेंद्राची, राख साचलेली, वर पंखा घरघरतोय आणि खाली मी. थर्मल इतकं जवळ असून आमच्या गावात दिवसाचे आठ तास वीज नसायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण शब्दानं मला धरून ठेवलं. 'ऑर्निस'चं नातं जर्मन आणि जुन्या इंग्रजीतल्या गरुडाच्या नावांशी लागतं. म्हणजे मूळ मोठं, आकाशातलं. पुढं तो शब्द कुठल्याही पाखराचा झाला, अथेन्सकडं रोजच्या बोलण्यात कोंबडीचा झाला, आणि आजही ग्रीसमध्ये कोंबडीचं नाव त्यातूनच आलेलं आहे. गरुडाची कोंबडी झाली! पिलावळ तर विचारूच नका. बदकासारखी चोच असलेला एक ऑस्ट्रेलियातला प्राणी, त्याच्या शास्त्रीय नावात तो शब्द आहे. पंख फडफडवून उडणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. पाखरांपासून माणसाला येणाऱ्या तापाच्या नावात आहे. आणि एका पांढऱ्या फुलाच्या नावात आहे, त्याचा अर्थ 'पाखराचं दूध'. जी चीज कुठंच मिळत नाही तिला ग्रीक लोक पाखराचं दूध म्हणायचे.

संध्याकाळी कोंबड्यांच्या भांड्यांत पाणी ओतताना मी आईला हे सांगायचे. फुलाचं सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग आपल्या टँकरला काय म्हनत्याल ते?"

मे महिन्याच्या मध्यावर काकींनी बातमी आणली. त्यांच्या शेताखालच्या कोरड्या नाल्यात, अगदी तळाला, टिटवीनं चार अंडी घातली होती. आमच्या भागात याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. टिटवीनं उंचावर, बांधावर अंडी घातली तर पाऊस भरपूर. नाल्याच्या तळाला घातली तर नाल्याला पाणी येणार नाही, हे तिला आधीच कळलेलं असतं.

मंगळवारी शेडासमोर बैठक बसली. काकी म्हणाल्या, "औंदाबी पाऊस न्हाई. पक्षी तहानेनं मरत्याल त्यापरीस टेम्पो बोलवा आन इकून टाका. शकुन वाईट हाय."

आई म्हणाली, "पंधरा दिवस कळ काढा बाई, अंड्यावर येत्याल. टिटवीच्या बोलन्यावर संस्था मोडायची का?"

बायका घुटमळल्या. कुणी काकींकडं बघे, कुणी आईकडं. आणि तेवढ्यात मी, दुसऱ्या वर्षाची विदुषी, वही घेऊन उभी राहिले. मला दाखवायचं होतं की हे असले भ्रम जगभर होते, अडीच हजार वर्षांपूर्वीचे लोकही त्यात अडकले होते. मी म्हणाले, "ग्रीक लोकांत पाखराला आणि शकुनाला एकच शब्द होता. पाखरं बघून ते लढाईसुद्धा ठरवायचे. आपल्या संस्कृतातसुद्धा शकुन म्हणजे मुळात पक्षीच."

पुढचं, म्हणजे हे सगळं चुकीचं कसं, ते बोलायला मला मिळालंच नाही. काकींनी मांडीवर थाप मारली. "बघा! परदेशातबी हेच हाय! आन पोरगी शिकलेली हाय, खोटं कावून बोलंल?"

हात वर झाले. सहा विरुद्ध तीन. शुक्रवारी सकाळी परळीचा टेम्पो येणार असं ठरलं. आमच्या वस्तीतली एक बाईसुद्धा काकींच्या बाजूला गेली, ती माझ्या वहीमुळं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आई रागावली नाही, ते जास्त वाईट होतं. भांडी विसळता विसळता एवढंच म्हणाली, "उद्यापासून त्या पुस्तकापाशी जायचं न्हाई. लई शिकलीस." आजोबांनी दारातून काढलेला शब्द मी मागच्या दारानं शेडात आणून सोडला होता.

बुधवारी ग्रंथालयात गेले नाही. गुरुवारी बाराच्या सुमाराला वारा पडला. पत्र्यावर तुराट्या पसरलेल्या होत्या, तरी आत उभं राहवत नव्हतं. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापत होत्या. टँकर आला नव्हता. शेडात दोन घागरी पाणी होतं आणि आई ते फक्त पिण्यासाठी वाटीवाटीनं ओतत होती. तासाभरात अकरा मेल्या. उद्याचा टेम्पोवाला मेलेली नेणार नव्हता आणि जिवंतांची खात्री आता कुणालाच देता येत नव्हती. विकायचं की ठेवायचं हा वादच संपत आला होता. आईनं अकरावी उचलून बाहेर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि रिकामी घागर माझ्या हातात दिली. "काकीच्या हौदात बैलांचं पानी असतंय. जा." आईनं त्या घरी आजवर काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

काकी घरी नव्हत्या. गडी म्हणाला, नाल्याकडं गेल्यात. मला कळेना, एवढ्या उन्हात काय. मी बांधावरून खाली पाहिलं आणि थांबले. टिटवीच्या अंड्यांभोवती कुणीतरी शेरडं येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. दहा-बारा पावलांवर काकी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मध्ये मातीचं एक परळ, पाण्यानं भरलेलं. ज्या टिटवीच्या शब्दावर आमचं शेड विकायला निघालं होतं, तिला ही बाई भर दुपारी पाणी घेऊन येत होती.

मला संताप आला. "काकी, वाईट बातमी आणली ना हिनं? मग पाणी कावून पाजता?"

काकींनी माझ्याकडं बघितलंही नाही. "बातमी तिची हाय, तशी तहानबी तिचीच हाय न्हवं? गप. बघ."

टिटवी परळात उतरली. प्यायली नाही. पाण्यात बसली, पोट घुसळलं आणि तशीच निथळत, तुरुतुरु चालत जाऊन अंड्यांवर बसली. "आठ दिस झालं बघतीया," काकी म्हणाल्या. "आधी पोट भिजिवती. अंडी गार करती. प्यायचं मागून."

मी म्हणाले, "काकी, आपल्या कोंबड्या मरायला लागल्यात. अकरा गेल्या. आई पाणी पाजतीय, तरी मरतात." आणि मग तोंडातून निघून गेलं, "हिची तहान तुम्हाला दिसली. शेडातल्यांची कुणाची?"

एरवी याबद्दल मला थोबाडीत बसली असती. काकी टिटवीकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाजून काय व्हतंय! भिजवा की त्यास्नी!"

पुढचं सगळं धावतच झालं. काकींनी हौद उघडा केला. गड्यानं "बैलांचं काय?" विचारलं, तर "बैलाला सांज हाय, पाखराला दम न्हाई" म्हणून त्याच्याच डोक्यावर घागर चढवली. वाटेत हाका मारत त्या आमच्या वस्तीत शिरल्या, मागं बाकीच्या बायका. पोत्यांची बारदानं भिजवून शेडाच्या जाळीला लावली. मग एकेक कोंबडी उचलायची, पाय आणि पोट पाण्यात बुडवायचं, तुऱ्यावर ओला हात फिरवायचा आणि खाली सोडायची. ज्यांच्या घरात अंडं चालत नव्हतं त्या काकींच्या दोन्ही काखांत कोंबड्या होत्या आणि पातळाची पार दशा झाली होती. पाणी संपत आलं की आई घाबरून घागरीत बघायची, काकी म्हणायच्या, "बघू नगंस. बुडीव."

साडेचारच्या पुढं एकही मेली नाही. पाचला बारदानांतून पहिली झुळूक आली. शेडातला तो धापण्याचा आवाज कमी झाला आणि मग एक कोंबडी नेहमीसारखी, उगाच, कुरकुरली. आई तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. मीही. आम्हाला इतकं हलकं वाटलं की हसू का रडू ते कळत नव्हतं. काकी म्हणाल्या, "रडताव काय, पानी द्या मला." मी आमच्या माठातला तांब्या भरून दिला. त्या आमच्या घरचं पाणी पहिल्यांदाच पीत होत्या. त्यांनी तांब्या संपवला आणि आणखी मागितला.

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. ठराव झालेला होता, त्यामुळं आई शेडाच्या दारातच उभी राहिली. काकी पुढं झाल्या. "पाखरं इकायची न्हाईत. जा माघारी."

"कावून? तुमीच तर बोलिवलंत."

"टिटवीनं सांगितलं," काकी म्हणाल्या.

मी आईकडं बघितलं. आता ही काहीतरी बोलणार. आई म्हणाली, "व्हय. तिनंच सांगितलं." आणि शेडात निघून गेली. आजोबा असते तर काय म्हणाले असते ठाऊक नाही. मला मात्र वाटतं, ते त्या नाल्यात येऊन बसले असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं. टिटवीनं पुढच्या पावसाबद्दल काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. कालच्या उन्हाबद्दल तिनं अगदी खरं सांगितलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, टँकर अजून चालूच होता, तेव्हा एका सकाळी आईनं मला शेडात हाक मारली. भुशात पहिलं अंडं होतं, लहानसं, टोकाला रक्ताचा पुसट डाग असलेलं. आई ते घरात न नेता सरळ काकींच्या दाराशी घेऊन गेली. मी मागं. काकी ओसरीवरून खाली आल्या, अंडं आत नेता येत नाही म्हणून अंगणातच थांबल्या आणि हात पुढं केला. ते तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटानं हळूच फिरवून पाहिलं.

"गरम हाय गं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तुझ्या त्या लोकांत याला काय म्हनत्यात?"

मला येत नव्हतं. मी फक्त पाखराचं पान वाचलं होतं. "माहीत नाही, काकी."

मी आईकडं बघितलं. गेल्या महिन्यापासून कोशाला हात लावलेला नव्हता आणि ते तिला ठाऊक होतं. ती काकींच्या तळहाताकडंच बघत होती. नजर न हलवता म्हणाली, "मंग हितं कशाला हुभी ऱ्हायलीस? एसटी जाईल. जा, बघून ये."