पाणपोईवरचं नाव

वीस वर्षं मी रंगमंचावर दुसऱ्यांची वाक्यं बोललो. एरवी मुरुमला कापडाच्या दुकानात मीटरनं कापड फाडायचं आणि जत्रांच्या दिवसांत आमच्या हौशी मंडळीबरोबर गावोगाव विनोदी नाटक करायचं. पोस्टर चिकटवण्यापासून पडदा ओढण्यापर्यंत सगळं आम्हीच करायचो. लिहिणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं माझं ठाम मत होतं.

आमची एक खोड होती. नाटकातल्या गाण्यात त्या त्या गावातलं एखादं नाव घालायचं. ओळखीचं नाव ऐकलं की लोक हसून लोळायचे. नाव हुडकायचं काम माझं.

सास्तूरला मी पाणपोईच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलं. त्याच्या खालीच मोठ्या अक्षरांत रंगवलेलं एका बाईचं नाव दिसलं. पाणपोई बांधून देणारी कुणी मोठी बाई असणार, असं मी धरून चाललो. तिचं नाव घेतलं की गाव खूश!

संध्याकाळी शाळेच्या मैदानात नाटक रंगात आलं. बायको हरवलेल्या नवऱ्याचं काम माझं. कंबर हलवत, ते नाव घेऊन मी गायलो, 'बाजाराला गेली ती आलीच न्हाय!' इथं हमखास शिट्ट्या पडायच्या. कुणीच हसलं नाही. पेटीवाल्याचे हातही थांबले.

पुढं बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बाजाराला गेली न्हवती रं," ती म्हणाली. "झोपली होती. भूकंपात गेली माझी लेक. आठ वर्साची होती."

पायाखालची जमीन सरकली, असं त्या गावात म्हणू नये. पण माझं नेमकं काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. लोक गुमान उठून घरी गेले.

सकाळी उजाडताच मी ओल्या फडक्यानं ते पोस्टर सोडवलं. नावाच्या वरची ओळ उघडी पडली: 'आमच्या लेकीच्या स्मरणार्थ'. ती मीच झाकली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तेवढ्यात म्हातारी रांजण भरायला आली. मी तिचे पाय धरले.

"चुकलं माझं, मावशी. पुन्हा या गावात तोंड दाखवणार न्हाय."

"नाव घेतलंस त्याचा राग न्हाय. माझ्यासमोर समदे तिचं नाव टाळत्यात. किती वर्सांनी कुणी मोठ्यानं घेतलं! पर ती तशी मुरडत चालणारी न्हवती. लई भांडखोर. नीट गाणं कर तिचं."

"मला लिवता येत न्हाय."

"नाव घालाया आलं की."

मी तिथंच बसलो आणि पोस्टरच्या पाठीवर लिहू लागलो. गूळ चोरायची, पोरांच्या गोट्या जिंकायची, हरली की दगड घेऊन मागं लागायची. म्हातारी सांगत गेली, मी ओळी जुळवत गेलो. दुपारी गाणं वाचून दाखवलं.

"शेवट बदल," म्हणाली. "झोपली म्हणून लिवलंस. उठव तिला."

मी शेवटची ओळ खोडली, पण दुसरी काही सुचेना.

त्यानंतर मी तोंडाला रंग लावला नाही. आता गाणी लिहितो, नाटकं लिहितो, भराभर सुचतं. सास्तूरला गेलो की पाणपोईवर थांबतो. तांब्या हातात देताना ती दर वेळी विचारते, "उठवलीस का रं?"

"अजून न्हाय, मावशी."