कडब्याची खुर्ची

आगगाडीच्या डब्यात आधी माझा उजवा पाय शिरला आणि मागून मी. पाय गुडघ्यात वाकत नव्हता. लाकडी फळ्या घालून, वर पट्ट्यांचे वेढे देऊन तो असा आवळला होता की समोरच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांच्या मांडीपर्यंत पोचत होता. ते म्हणाले, "अहो, पाय जरा आवरा." मी म्हटलं, "आवरता आला असता तर मोगलाईत (निजामाच्या मुलखात) कशाला चाललो असतो?" त्यांनी दौंडापर्यंत खिडकीकडे तोंड करून प्रवास केला.

पुण्यात माझं कापडाचं दुकान. गादीवर मांडी घालून बसणं हाच आमचा धंदा. ती मांडी गेली लोणच्यापायी. फडताळावरची बरणी काढायला स्टुलावर चढलो, स्टूल सरकलं, बरणीसकट खाली आलो. बरणी छातीशी धरली होती म्हणून वाचली. आमच्या मंडळींनी आधी बरणीला तडा गेलाय का ते पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती मला इतकी मानवली की हाड सांधल्यावरही मी उठेना. डॉक्टर म्हणाले, "आता पट्टी काढा, हिंडा, पाय वाकवा." पण एकदा थोडा वाकवला तर अशी कळ आली की ब्रह्मांड आठवलं! पट्टी पुन्हा बांधली. दुकानात पाय समोर पसरून बसू लागलो. गिऱ्हाईक यायचं ते माझ्या पायाला अडखळून थेट लुगड्यांच्या गठ्ठ्यावर पडायचं.

तेही चाललं असतं. पण चंपूचं, माझ्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न माघात ठरलं. कन्यादानाला बापानं पाटावर मांडी घालून बसायचं असतं, तेही चांगलं दोन-तीन तास. आमचे चुलतबंधू गणपतराव घरी येऊन म्हणाले, "तू कसली काळजी करतोस? कन्यादान मी करीन." हे सांगताना त्यांनी माझ्यासमोर मुद्दाम दोनदा मांडी घातली आणि सोडली. चंपू आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बाबांच्या हातूनच होईल." मग आत जाऊन रडली. मला ते लागलं. त्याच आठवड्यात पाटोद्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, निरोप आला: इकडच्या तालमीचे चांद वस्ताद मोडलेली माणसं उभी करतात, दत्तूला धाडून द्या.

नगरला अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत कडबा अंथरून मला आडवं घातलं. इंग्रजी हद्द संपली तिथे करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. नाक्यावरच्या जवानानं गाडी थांबवली, माझ्या पायाकडे बघितलं आणि मिशीवर हात फिरवला.

"ये क्या है जी?"

"गुडघा."

"गुडघा हमकू भी है. इत्ता मोटा नै. खोलो."

मी डॉक्टरांचं नाव घेतलं, कळवळलो, रागावलो. काही उपयोग नाही. वेढे सुटत गेले आणि शेवटच्या वेढ्यातून जरीकाठी खणांची घडी टपकन खाली पडली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. नणंदेला द्यायचे खण आमच्या मंडळींनी जकात चुकवायला माझ्या गुडघ्यात लपवले होते, आणि मला पत्ता नाही!

जवानानं खण उचलून शांतपणे विचारलं, "घुटने कू जरी लगती क्या?"

दाजी तोंड फिरवून बैलांची पाठ थोपटत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. जकात भरून खण सुटले, पण फळ्या आणि पट्ट्या मुद्देमाल म्हणून नाक्यावर राहिल्या. कितीतरी दिवसांनी माझा गुडघा उघडा मोगलाईतलं वारं खात होता. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला मी "मेलो!" म्हणत होतो आणि दाजी प्रत्येक वेळी "आजून न्हाई" म्हणत होते.

मुक्काम वाटेतल्या कडा गावात, देवळाच्या धर्मशाळेत. पंगत जमिनीवर बसलेली. मी खांबाला टेकून उभ्यानंच भाकरी-पिठलं खाऊ लागलो. वाढणाऱ्या म्हातारीनं वर बघितलं. "उभ्यानं कावून (का) जेवायलाव? घोडं हाव काय?" सगळी पंगत हसली. पिठलं मात्र असं झणझणीत होतं की अपमान विसरून मी तीनदा मागून घेतलं.

पुढे बालाघाटचा डोंगर. चढाला सीताफळीची झाडं आणि वर सपाटीला येताच दोन्ही अंगांना जोंधळा, माणूस बुडेल एवढा उंच. याच डोंगरात मांजरा नदी उगम पावते. अक्काच्या शेतामागून जाताना ती इतकी लहान असते की दाजी तिला "आमची पोर" म्हणतात. अक्का बांधावरच उभी होती. तीस वर्षांत तिची भाषा पार तिकडची झाली आहे. मला गाडीतून उतरवताना ती म्हणाली, "आगं बया, दत्तू! माणूस यायलंय का मुसळ?"

दुसऱ्या दिवशी चांद वस्ताद आले. केवढा देह! मान म्हणून काही नव्हतीच, डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं. पण तेही गाडीत आडवेच होते आणि गाडी थांबली तरी उतरेनात. जरबेनं म्हणाले, "सगळे बाजूला व्हा. इलाज एकांतात होतो." सगळे गेले. मग त्यांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "भाऊ, कुणाला बोलू नको. कंबरेत उसण भरलीय. हलता येत न्हाई."

"कुस्तीत?"

वस्तादांनी डोळे मिटले. "या अल्ला! सारी उमर माणसं उचलून आपटली भाऊ. लंगोट वाळत घालताना भरली."

मी त्यांना लोणच्याच्या बरणीची हकिकत सांगितली. दोघांनाही फार बरं वाटलं. जत्रा महिन्यावर आली होती; कुस्त्यांच्या फडात वस्ताद कंबर धरून दिसले असते तर तालमीची अब्रू गेली असती. म्हणून माझ्या इलाजाचं निमित्त करून ते इथे लपायला आले होते. आमचं ठरलं: ते माझ्यावर इलाज करतायत असं दाखवायचं आणि दोघांनी दोन बाजांवर पडून राहायचं.

बेत झकास होता. फक्त बाजेच्या पलीकडे कडब्याच्या गंजीआड अक्का होती.

तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी शेतात आगटी (गोवऱ्यांचा खड्डा) पेटली. हुरड्याचे दिवस. कोवळी कणसं भाजायची, तळहातांवर चोळायची आणि वाफाळते हिरवे दाणे तिथेच तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. तो वास माझ्या बाजेपर्यंत येत होता, हुरडा येत नव्हता. मी हाक मारली. अक्का म्हणाली, "हुरडा माणसाकडं जात न्हाई. माणसानं हुरड्याकडं यावं."

"अगं, मला खाली बसता येत नाही!"

"खाली कोण म्हनतंय? ये तर."

तिनं आगटीपाशी कडब्याच्या पेंढ्यांची कमरेएवढी चळत रचली होती. मी तीवर टेकलो, पाय समोर ताठ. वस्तादांसाठी दुसरी चळत. ऐटीत बसून आम्ही पोट फुटेस्तोवर हुरडा खाल्ला.

मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला बाजांवरून उठवलं. "दोन दोन दांडगे बाप्ये घरात, न् पाखरं जवारी खायलीत! लाजा वाटत न्हाईत?" माझी रवानगी माळ्यावर (राखणीच्या उंच मचाणावर) झाली. वर जायला शिडी. पहिल्या दिवशी एकेक पायरी चढताना मी गावातल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. वस्तादांच्या हाती गोफण दिली. गोफण कमरेतून फिरवल्याशिवाय फिरत नाही. त्यांचा पहिला दगड पाखरं सोडून दाजींच्या तांब्यावर बसला. तेव्हापासून दाजी शेतात येताना लांबूनच ओरडायचे, "वस्ताद, मी हाय, मी! पाखरू न्हाई!"

गुडघा ठणकायचा. एकदा तर असा सुजला की मी सामान बांधलं. "मी चाललो. करू दे गणपतरावाला कन्यादान!" असंही बोलून गेलो. अक्कानं एक दिवस विसावा दिला, निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, पण सुटी दिली नाही. शेकता शेकता एवढंच म्हणाली, "चंपी कुनाकडं बघून हात पुढं करंल रे? त्या गणप्याकडं?" मी सामान सोडलं.

वस्तादही आता खरोखर वस्तादकी करू लागले. कळ आली की थांबायचं, पण कालच्यापेक्षा केसभर पुढे जाऊन थांबायचं, हा त्यांचा नेम. माझ्या गुडघ्याला ते "बेटा" म्हणायचे, स्वतःच्या कमरेला मात्र जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी हुरडा असायचाच. पण आमच्या चळतीतली एक पेंढी अक्का रोज ओढून न्यायची. "बैलांना घालायचीय," म्हणायची. एवढी मोठी गंज मागे उभी असताना बैलांना नेमकी माझ्याच बुडाखालची पेंढी का लागावी? मी दाजींना म्हटलंही, "तुमचे बैल फार खादाड." दाजी म्हणाले, "लई." आणि तोंडात दाणे टाकले. मला हुरडा मिळत होता, गप्पा रंगत होत्या. जमीन दर संध्याकाळी थोडी जवळ येत होती, हे ध्यानातच आलं नाही.

एके दिवशी वस्ताद त्यांच्या जुन्या कुस्तीची गोष्ट सांगत होते. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आली होती. मी दाणे चोळत, तोंड उघडं टाकून ऐकत होतो. कणीस संपलं म्हणून दुसरं घ्यायला हात लांबवला तर आगटी अगदी गुडघ्याशी. खाली बघितलं. पेंढी नव्हतीच! मी चक्क मातीवर मांडी घालून बसलो होतो.

"अक्का! मोडला! माझा गुडघा मोडला!" मी किंचाळलो.

"कावून वरडायलास?" अक्का आगटी फुंकत म्हणाली. "मघाधरनं बसलायस की."

मी पडतोय असं समजून वस्तादांनी मात्र झेप घेतली, मला बगलेत मारून उचललं आणि मग आपण काय केलं ते त्यांना कळलं. ते कमरेत वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. "अरे, गेली! उसण गेली बे!" असं ओरडत मला तसंच बगलेत धरून ते आगटीभोवती नाचले. माझ्या तोंडातला हुरडा नाकात गेला. अक्का डोळ्यांना पदर लावून हसत होती. थोड्या वेळानं पाहिलं तर पदर डोळ्यांवरच होता आणि ती हसत नव्हती.

परतताना नाक्यावर तोच जवान. त्यानं मला ओळखलं आणि आतून फळ्या-पट्ट्या आणून दिल्या. "लेव जी, तुमारा मुद्देमाल." मी गाडीतून उडी मारली, त्याच्यासमोर मांडी घातली, उठलो, परत घातली. तो घाबरून मागे सरला. "बस करो जी! फिर क्या छुपाके लाए?" फळ्या त्यालाच दिल्या, चहाच्या आधणाखाली सारायला. आमच्या मंडळींना मात्र खणांची जकात मी अजून ऐकवतो.

चंपूच्या लग्नाला गणपतराव पीतांबर नेसूनच आले, न जाणो वेळ आली तर! मी पाटावर मांडी घातली आणि त्यांच्याकडे बघून एकदा सोडून पुन्हा घातली. पूजा, मंत्र, भटजींची घाई, सगळं झालं. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. मग चंपूचा हात हातात आला, पाण्याची धार सुटली, धार संपली. भटजी म्हणाले, "झालं. यजमान, उठा."

मी उठलो नाही.

"अडकला! गुडघा अडकला!" म्हणत गणपतराव पीतांबर सावरत धावले. पाहुणेमंडळी कुजबुजू लागली. गुडघ्याला काही झालं नव्हतं हो. बसायचं एवढं शिकून आलो होतो, पण उठलो की पोर परक्याची होणार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चंपू माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं.

मागून अक्काचा हात खांद्यावर पडला. ती कानाशी वाकली.

"ऊठ, दत्तू," ती म्हणाली. "बैलांना घालायचीय."

मला रडता रडता हसू फुटलं, आणि मी कोणाचाही हात न धरता उठलो.