पाडव्याला घेतलेली गाडी

वडिलांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं, सकाळी आठ वाजता. त्यामुळे गाडी दुरुस्तीला टाकायची तर सोमवार, बुधवार, गुरुवार किंवा शनिवार. रविवारी गॅरेज बंद. मी गुरुवार ठरवला. सोमवारी आणि बुधवारी ऑफिसातून रजा मिळत नव्हती आणि शनिवारी गाडी अडली तर पुढे रविवार आला असता.

गाडी चौदा वर्षांची. दोन महिने ती सिग्नलला बंद पडत होती. एकदा द्वारकेच्या चौकात पडली, तेव्हा वडील चार तासांचं डायलिसिस करून मागच्या सीटवर आडवे होते. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते, मी किल्ली फिरवत होते. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, घाई करू नकोस, पेट्रोल जास्त जाईल. पाचव्या वेळी सुरू झाली. त्याच संध्याकाळी मी दुरुस्तीच्या कामांची यादी करायला बसले.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जो अंदाज दिला, तेवढ्यात औषधांचे दोन महिने निघाले असते. म्हणून सिन्नर फाट्याजवळच्या एका मेकॅनिककडे गेले. मालेगावकडचा माणूस, पत्र्याची शेड, कमी बोलायचा. त्याची पद्धत सोपी होती: सामान तुम्ही आणा, मी फक्त मजुरी घेतो. सामान बाजारातून स्वतः आणलं की बरंच स्वस्त पडतं. त्याने काय काय लागेल ते सांगितलं. प्लग, एअर फिल्टर, ऑइल, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा. तो बदलायला झाला होता, आणि चालू गाडीत तुटला तर इंजिनच गेलं असतं.

गाडीचं मॉडेल आणि साल मी वडिलांच्या वहीतून घेतलं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं होते. तिथे प्रत्येक शिफ्टला नोंदवही लिहून पुढच्या माणसाच्या हाती द्यायची असे. घरीही त्यांनी तीच सवय ठेवली. टाकीत पेट्रोल कधी भरलं, कुठला टायर कधी फिरवला, सगळं निळ्या शाईत. पहिल्या पानावर लिहिलं होतं: गुढीपाडवा, वाहन घरी आले. खाली साल. शेजारी आईच्या बोटाचं कुंकू, आता तपकिरी झालेलं. मी ते साल उतरवून घेतलं आणि वडाळा नाक्यावरच्या दुकानातून सगळं सामान आणलं. गाडीची कागदपत्रं समोरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती काढून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. तोवर वहीत कधी चूक सापडल्याचं मला आठवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेआठला गाडी दिली. गाडीचं मॉडेल, साल आणि सामान लिहिलेला कागद मेकॅनिकला दिला, तो त्याने खिळ्याला लावला. संध्याकाळी सहाला घ्यायला या, म्हणाला. माझ्या स्वतःच्या, कामांच्या यादीत सर्वांत शेवटी लिहिलेलं होतं: पर्यायी गाडी, शेजारी. पण सहाला गाडी मिळणार होती, म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं नाही. उगाच उपकार कशाला घ्यायचे.

चार वाजता त्याचा फोन आला. गेले तर बोनेट उघडं, पुढची बाजू सोडवलेली. जुना पट्टा कापून खाली टाकला होता, तडे गेलेला. नवा त्याच्या हातात होता.

"ताई, हा पट्टा ह्या गाडीचा नाय."

साल तर बरोबर आहे, मी म्हणाले. त्याने खणातली पिशवी काढली, कागद उलगडला आणि काळ्या बोटाने एक ओळ दाखवली. बनावटीचा महिना पाडव्याच्या आधीच्या वर्षातला, नोव्हेंबर. त्यानंतरच्या जानेवारीपासून कंपनीने इंजिन बदललं होतं. नव्याचा पट्टा जुन्याला बसत नाही.

"तुमचा कागद लय साफ लिहिलेला होता," तो म्हणाला. "मी कागद बघितला. गाडी बघायला पायजे होती."

मी वडाळा नाक्यावर पाच दुकानं फिरले. इतक्या जुन्या गाडीचा पट्टा कोणाकडे नव्हता. एकाने पुण्याहून मागवला, शुक्रवारी दुपारी येईल म्हणाला. शेजाऱ्यांना फोन केला, तर ते सगळे पूजेसाठी त्र्यंबकला गेले होते, शनिवारी येणार होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता दोन टॅक्सी बुक झाल्या आणि दोन्ही रद्द झाल्या. रिक्षा मिळाली तेव्हा आठ वाजून गेले होते. वडिलांना तिच्यात पाय लांब करता येईनात. उपनगर नाक्यापासून द्वारकेपर्यंत गाड्या तुंबलेल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला ते दांडा धरत आणि मी त्यांचा हात धरत होते.

पोचलो तेव्हा त्यांच्या वेळेतले जवळजवळ दोन तास संपले होते. सिस्टर वाईट नव्हत्या. पुढचा पेशंट बाराचा होता, तोही आजारीच. दोन तास करू, बाकी मंगळवारी, त्या म्हणाल्या. शनिवारी मशीन रिकामं नव्हतं.

सुई लागल्यावर मी त्यांच्या कॉटजवळ बसले. विचारायचं नाही असं रिक्षात ठरवलं होतं, तरी विचारलं.

"बाबा, गाडी आदल्या वर्षी बनलेली होती?"

त्यांनी मशीनकडे बघत सांगितलं.

"हो. शोरूमला पडून होती, म्हणून कमीत मिळाली. तुझ्या आईला मागच्या सालची सांगितली असती तर ती त्यात बसलीच नसती. म्हणून पाडव्याला आणली, आणि वहीतही तेच साल लिहिलं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

त्यांना त्रास नको म्हणून विचारलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. ते पूर्ण खरंही नव्हतं. वही असताना माणसाला कशाला विचारायचं, असं मला वाटलं होतं.

शनिवारी दुपारी गाडी आली. मेकॅनिकने मजुरी अर्धीच घेतली. वडील व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. इंजिन चालू करायला सांगून त्यांनी आवाज ऐकला. पायांवर सूज होती, पण जेवले. वही मागितली आणि पट्टा बदलल्याची नोंद स्वतः लिहिली. अक्षर वाकडं होत होतं, पण पेन मला दिलं नाही.

रविवारी दुपारी त्यांना धाप लागली. आडवं झोपता येईना. मी गाडी काढली. रविवारची दुपार असल्यामुळे रस्ता मोकळा होता. गाडी एकदाही अडली नाही, सिग्नलला थांबलो तरी इंजिन एकसारखं चालत होतं. वडील पुढे बसले होते, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून. फुप्फुसात पाणी झालं होतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

पाचव्या दिवशी ते गेले. मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवारचे बुडालेले दोन तास मिळाले असते तर? डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, कधीही झालं असतं. मी आणखी एकदा विचारलं. ते म्हणाले, ताई, असं सांगता येत नाही. मी दोन्ही उत्तरं लक्षात ठेवली आहेत. त्यातलं पहिलं मला कमी पटतं.

तीन महिन्यांनी गाडी माझ्या नावावर करायला आरटीओत गेले. अर्ज, मृत्यूचा दाखला, परगावी असलेल्या भावाचं संमतिपत्र, विम्याची प्रत, यादीप्रमाणे सगळं होतं. अर्जात बनावटीचा महिना आणि वर्ष विचारलेलं होतं. पिशवीतला कागद समोर ठेवून, एकेक आकडा बघत मी लिहिलं: नोव्हेंबर, आणि खाली ते आदलं साल.

खिडकीतल्या बाईंनी ताडून बघितलं, बरोबर आहे म्हणाल्या आणि शिक्का मारला.