उद्घाटनाआधीची बाग

बंद बागेच्या फाटकावर राखणदाराची नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत. आत कुणाला सोडायचं नसतं, त्यामुळे सगळे फाटकापाशीच साचतात.

भोरात आमच्या आळ्या अशा दाट, की एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचा कुकर दिसतो. मध्ये ही एवढीच हिरवळ. बाग तयार होऊन दोन पावसाळे झाले, पण उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख काही मिळेना. किल्ली माझ्याकडे.

*

एका काकूंना डॉक्टरांनी शुगरसाठी बागेत चालायला सांगितलेलं. त्या रोज सकाळी कुंपणाला लागून रस्त्यावरच फेऱ्या मारायच्या, मागून टेम्पोचे हॉर्न. मी म्हटलं, "काकू, इथं कशाला?"

म्हणाल्या, "बागेत न्हाई तर न्हाई, बागेजवळ तर चालते. निम्मा तरी गुण यील!"

*

रोजचं गिऱ्हाईक म्हणजे आबा. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावर सगळा जन्म गेला. गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि लेकानं इथं तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. जिना उतरून यायचे आणि विचारायचे, "उघडली का रं?"

एकदा मागच्या पडक्या भिंतीवरून शेळी आत शिरली. नगरपालिकेचे साहेब माझ्यावर उखडले, "आत आलीच कशी?"

आबा बाहेरून म्हणाले, "तिला तारखंचं कुणी सांगितलं न्हाई, सायेब."

*

साहेब पाहणीला आले की हिरवळीवर बसून डबा खायचे. आबा गज धरून विचारायचे, "भुई वली हाय का वो खाली?"

"थोडी," साहेब म्हणायचे. तेवढ्यावर आबांचं समाधान व्हायचं. माझं डोकं फिरायचं, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

*

दिवाळीनंतर आबा खंगले. एकदा म्हणाले, "दोन मिन्टं सोड. गवतावर पाठ टेकतो नि जातो."

"आबा, नोकरी जाईल माझी."

"मग ऱ्हाऊ दे. तुला लेकरंबाळं हायती."

उलट तेच मला समजावत होते. त्याची लाज अजून जात नाही.

*

आठवड्याभरात आबा गेले. अंत्ययात्रा फाटकापाशी आली तेव्हा लेक म्हणाला, "आबांचा विसावा हितं करू." स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात, तो विसावा. मी साहेबांना फोन केलाच नाही. कुलूप काढलं आणि दोन्ही दारं उघडली.

खांदेकरी आत आले आणि हिरवळीच्या कडेला थबकले. समोर मीच रंगवलेली पाटी होती, 'गवतावर पाय ठेवू नये'.

मी म्हटलं, "टेकवा गवतावर. काही होत नाही."

लेकानं पाटी वाचली आणि तिरडी अलीकडच्या फरशीवर टेकवायला लावली.

"नगं दादा," तो म्हणाला. "पाटी हाय."