पशूचे थोडे दिवस
पिकल्या पेरूंचा वास आला की बोरगाव मेघेतलं शेजारच्या नर्सबाईंचं अंगण आठवतं. दर रविवारी दुपारी तिथे पाच-सहा जणी बायबलचं शेवटचं पुस्तक वाचत बसायच्या. मी ख्रिस्ती नव्हे. नवऱ्याच्या मारातून तेवढीच सुटका म्हणून जायचे, आणि त्यांच्या आशेच्या गोष्टींनी माझं डोकं फिरायचं. एका रविवारी सात डोक्यांच्या पशूचं वर्णन आलं. बाईंनी विचारलं, "हा कोण वाटते तुमाले?" कुणी राजा म्हणालं, कुणी सैतान. मी फटकन म्हणाले, "माह्या घरीच राह्यते तो." तेवढ्यात फाटकावर लाथ बसली. "निघ बाहीर! काऊन बसली त्यायच्यात?" नवरा ओरडत होता. मी सवयीने उठले. बाईंनी मला अडवलं नाही, एका ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "त्या पशूले थोडेच दिवस देले हायेत. मार खाणाऱ्यायसाठीच लिवलं हे, बाई." ती ओळ मी उभ्यानेच वाचली आणि पुन्हा खाली बसले. तो घसा बसेपर्यंत शिव्या देत राहिला. मी आजही ख्रिस्ती नाही आणि त्याला माफही केलेलं नाही. पण त्या दुपारनंतर त्याच्या घराची पायरी मी चढलेली नाही.